खरेदी केंद्राची वही डेटाबेसमध्ये कशी मांडायची: रिलेशनल मॉडेल, पायरी-पायरीने

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या खेड्यांत शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गट गावातच सोयाबीन, तूर, हरभरा घेऊ लागले आहेत. हिशेब बहुतेक ठिकाणी एक्सेलच्या एका लांबलचक शीटमध्ये असतो. दिवाळीपर्यंत ते निभते. पुढे तुरीची आवक सुरू होते, चुकारे मागे-पुढे होतात, एकाच कास्तकाराची तीन वेगवेगळी नावे निघतात आणि कोणाचे किती देणे बाकी आहे हे छातीठोकपणे सांगता येईनासे होते. दोष एक्सेलचा नसतो, मांडणीचा असतो. तीच मांडणी जशीच्या तशी महागड्या सॉफ्टवेअरमध्ये नेली तरी घोळ तोच राहतो.

‘तुला कॉम्प्युटर येतो ना, मग तूच बघ’ असे म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडले आहे, त्या मुला-मुलींसाठी हा लेख आहे. प्रोग्रामिंग येत नसले तरी चालेल. सातबारा, काटा पावती आणि पासबुक वाचता येणे पुरे.

रिलेशनल मॉडेल एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडले. तेव्हा ते आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत होते. त्याआधीच्या पद्धतींत माहिती कोणत्या वाटेने जाऊन काढायची हे प्रोग्रामला ठाऊक असावे लागे. साठवण बदलली की प्रोग्राम मोडत. कॉड यांनी सांगितले की माहिती साध्या टेबलांत ठेवा, टेबले त्यांच्यातल्या मूल्यांनीच एकमेकांशी जुळू द्या, आणि वापरणाऱ्याने फक्त ‘काय हवे’ एवढेच विचारावे. त्यावर उभी राहिलेली भाषा म्हणजे एसक्यूएल. बँक, रेल्वे, रेशन दुकान, सगळीकडचे मोठे हिशेब याच पायावर चालतात, आणि तुमच्या केंद्रालाही तोच पाया पुरतो.

कामाला बसण्याआधी हे जवळ घ्या:

- सभासद नोंदवही आणि मागच्या किमान एका हंगामाच्या काटा पावत्या
- ज्यांचा माल येतो त्यांचे सातबारा आणि आठ-अ
- पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत
- आसपासच्या गावांची यादी, सरकारी गाव-कोडसह
- एक लॅपटॉप, त्यावर डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट (एसक्यूलाइट म्हणजे एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस, आणि हा त्याची टेबले बघायचा-भरायचा प्रोग्राम; फुकट मिळतो, नेट नसतानाही चालतो) आणि लिब्रेऑफिस
- दोन पेन ड्राइव्ह
- कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर

शेवटची ओळ गंमत म्हणून लिहिलेली नाही. पहिल्या पाच पायऱ्या कागदावरच करायच्या आहेत.

१. प्रत्येक टेबलासाठी ठरवा: एक ओळ म्हणजे काय?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टेबल म्हणजे एकाच प्रकारच्या गोष्टींची यादी. कोणतेही टेबल काढण्याआधी त्याच्यावर एक वाक्य लिहा: ‘या टेबलातली एक ओळ म्हणजे एक…’. हे वाक्य अडखळले, मध्ये ‘किंवा’ आले, की समजा तिथे दोन टेबले आहेत.

केंद्रावरचे उदाहरण घ्या. एक ट्रॉली आली. त्यात तीस कट्टे सोयाबीन. वीस कट्टे वाळलेले, दहा कट्टे पावसात भिजून नंतर उन्हात टाकलेले. मापारी दोन्ही वेगवेगळे तोलतो, कारण ओलावा वेगळा आणि म्हणून दरही वेगळा. पावती मात्र एकच फाडली जाते. मग ‘आवक’ टेबलातली एक ओळ म्हणजे एक पावती, की एक वजन? हे न ठरवता शीट भरली, की एक जण पावतीमागे एक ओळ लिहितो, दुसरा वजनामागे एक, आणि ‘आज किती जणांचा माल आला’ याचे उत्तर रोज चुकते.

इथे दोन टेबले लागतात. ‘पावती’: एक ओळ म्हणजे एका कास्तकाराने एकदा आणलेला माल. ‘काटा’: एक ओळ म्हणजे त्या पावतीवरचे एका पिकाचे, एका प्रतीचे एक वजन.

एवढ्या कामासाठी साधारण ही टेबले निघतात: गाव, कास्तकार, जमीन, जमीनधारणा, पीक, दर, पावती, काटा, शाखा, खाते, चुकारा. अकरा नावे पाहून घाबरू नका; निम्मी टेबले एकदा भरली की वर्षभर हात लावावा लागत नाही.

वहीच्या पानावर छापलेले रकाने जसेच्या तसे टेबल म्हणून उचलू नका. वही माणसाच्या डोळ्यांसाठी असते. तिच्यात बेरजेची ओळ असते, ‘मागील पानावरून’ असते, वर गावाचे नाव लिहून खाली नुसती नावे असतात. यातले काहीही टेबलात येत नाही. बेरीज ही विचारल्यावर मिळणारी गोष्ट आहे, साठवायची नव्हे.

२. प्रत्येक ओळीला कायमची ओळख द्या

एका टेबलात दोन ओळी हुबेहूब सारख्या असता कामा नयेत. ज्या रकान्याने ओळ नेमकी ओळखता येते तो प्रायमरी की. तो कधी रिकामा नसतो, दोनदा येत नाही आणि, हे फार महत्त्वाचे, कधी बदलत नाही.

नाव चालत नाही. एका गावात गजानन नावाचे किती जण असतात हे विदर्भात वेगळे सांगायला नको. बापाचे नाव आणि आडनावही जुळणारे चुलतभाऊ सापडतात. मोबाइल क्रमांक बदलतो, आणि पुष्कळदा एकाच घरातल्या तिघांच्या नावापुढे मुलाचा एकच नंबर असतो. गावाचे नावही पुरत नाही: पिंपरी, खैरी, सावंगी ही नावे तालुक्या-तालुक्यात आहेत, म्हणून गाव टेबलात सरकारी कोडचा रकाना ठेवा.

आधार क्रमांक की म्हणून वापरायचा मोह होतो. वापरू नका. की प्रत्येक टेबलात, प्रत्येक छापील यादीत फिरत राहते. आधार असा फिरता कामा नये, आणि तो साठवण्यावर कायद्याची बंधनेही आहेत. अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीत मिळतो) जरूर नोंदवा, पण वेगळ्या रकान्यात. तो जमिनीशी जोडलेला असतो. मक्त्याने किंवा बटईने कसणाऱ्या भूमिहीन माणसाकडे तो नसेल, आणि माल तर तोही आणणार.

म्हणून स्वतःचा साधा अनुक्रमांक द्या: कास्तकार १, २, ३. त्याला अर्थ नसतो, हाच त्याचा गुण. ‘यवत-कळंब-०४५’ असा अर्थ भरलेला कोड करू नका. माणूस दुसऱ्या गावात राहायला गेला की कोड खोटा ठरतो. शेतकरी ओळख क्रमांकाच्या रकान्यावर मात्र ‘युनिक’ची (तेच मूल्य दोनदा येऊ न देण्याची) अट घाला. एसक्यूलाइटमध्ये युनिक रकान्यात रिकाम्या ओळी कितीही चालतात, त्यामुळे ज्यांच्याकडे क्रमांक नाही त्यांची अडचण होत नाही.

पावतीचे थोडे वेगळे आहे. दोन केंद्रे असतील तर दोन्हीकडे पावती क्रमांक १ पासूनच सुरू होतो. नुसता पावती क्रमांक पुरत नाही. ‘केंद्र + पावतीपुस्तक + पावती क्रमांक’ ही तिकडी मिळून युनिक करा. असे अनेक रकाने मिळून ओळख बनते, त्याला कंपोझिट की म्हणतात.

३. एका खणात एकच मूल्य

गट क्रमांकाच्या खणात ‘४५, ४६/१, ११२’ आणि मोबाइलच्या खणात दोन नंबर लिहिणे ही सर्रास सवय आहे. डोळ्यांना सोयीचे, पण ‘४६/१ कोणाकडे आहे’ हे विचारताच अडते. एका खणात एक मूल्य, हा पहिला नॉर्मल फॉर्म, म्हणजे नीट मांडणीचा पहिला नियम.

रकान्याचा प्रकार ठरवताना एवढे पाळा:

गट क्रमांक टेक्स्ट म्हणून ठेवा, कारण त्यात ४६/१ असते, ११२/अ असते. त्याच्याशी कधी बेरीज-वजाबाकी होत नाही. हाच नियम मोबाइल, खाते क्रमांक आणि पिनकोडला. खाते क्रमांक संख्या म्हणून ठेवला की पुढची शून्ये गळून पडतात आणि चुकारा परत येतो.

वजन एकाच एककात ठेवा. ‘१२ क्विं. ४० कि.’ असे लिहू नका. १२४० किलो लिहा आणि रकान्याचे नावच ‘वजन_किलो’ ठेवा. काटा पन्नास ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर ग्रॅममध्ये पूर्णांक ठेवा. पैसेही पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा, कारण दशांशातल्या रकमा यंत्र आतून अंदाजे साठवते आणि हजारो ओळींच्या बेरजेत पैसा-दोन पैसे सरकतात. सातबाऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, १.६२ म्हणजे १ हेक्टर ६२ आर. ते १६२ आर असे साठवा. बोलताना कास्तकार एकरातच सांगेल. एक एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर, आणि हे रूपांतर छापताना करायचे.

तारीख ‘२०२४-११-०५’ अशी: वर्ष, महिना, दिवस. एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकार नाही, पण या क्रमाने लिहिली की तारखा आपोआप बरोबर लागतात.

आकडे टाइप करताना कीबोर्ड इंग्रजी आकड्यांवर (1, 2, 3) ठेवा. देवनागरी ‘१२’ एसक्यूलाइटच्या दृष्टीने आकडा नाही, अक्षरे आहेत. त्यांची बेरीज शून्य येते. त्याहून वाईट म्हणजे एसक्यूलाइट कोणत्याही अक्षराला कोणत्याही आकड्यापेक्षा मोठे मानतो, म्हणून ‘ओलावा बारापेक्षा जास्त’ असे विचारले की देवनागरीत लिहिलेला ‘१०’ सुद्धा यादीत येतो.

४. टेबले जोडा: इथे सातबारा उपयोगी पडतो

पावती टेबलात कास्तकाराचे नाव, गाव, मोबाइल पुन्हा लिहायचे नाही. फक्त कास्तकार_क्र लिहायचा. दुसऱ्या टेबलाच्या प्रायमरी कीकडे बोट दाखवणारा हा रकाना म्हणजे फॉरेन की. एका कास्तकाराच्या अनेक पावत्या, एका पावतीवर अनेक वजने: हे एकास-अनेक नाते. नियम सोपा आहे, बोट नेहमी ‘अनेक’ बाजूच्या टेबलात ठेवायचे.

आता जमीन. एका कास्तकाराचे तीन गट असतात. आणि एका गटावर? सातबारा उघडा. वडील गेल्यावर फेरफार झाला, पण वाटणी झाली नाही. दोन भाऊ, एक बहीण आणि आई अशी चार नावे एकाच गटावर. म्हणजे एका माणसाचे अनेक गट आणि एका गटाचे अनेक खातेदार. हे अनेकास-अनेक नाते, आणि ते दोन टेबलांत मावत नाही. कास्तकार टेबलात ‘गट१, गट२, गट३’ असे रकाने केले तर चौथा गट आला की अडले. जमीन टेबलात ‘मालक१, मालक२’ केले तर पाचव्या वारसाला जागा नाही.

मधे तिसरे टेबल घाला: जमीनधारणा. एक ओळ म्हणजे एका माणसाचा एका गटातला हक्क. रकाने: कास्तकार_क्र, जमीन_क्र, हिस्सा. पहिले दोन मिळून प्रायमरी की. वर सांगितलेल्या घराच्या इथे चार ओळी होतील, आणि वाटणी झाल्यावर फक्त याच टेबलातल्या ओळी बदलतील. पावत्यांना धक्का लागणार नाही.

जमीन टेबलात नुसता गट क्रमांक ओळख म्हणून पुरत नाही. गट ४५ प्रत्येक गावात असतो. गाव_क्र आणि गट क्रमांक मिळून युनिक करा.

आणखी एक खबरदारी. माल आणणारा आणि सातबाऱ्यावरचा मालक एकच असेल असे मांडणीत गृहीत धरू नका. मक्त्याचे शेत, बटईचे शेत, सासऱ्याच्या नावावरचे शेत: पुष्कळ माल असाच येतो. पावती माल आणणाऱ्या कास्तकाराला जोडा. कोणत्या गटातला माल हे हवे असेल तर काटा टेबलात जमीन_क्र वेगळा ठेवा आणि तो रिकामा राहू द्या.

५. तीच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली आहे का, ते शोधा

नॉर्मलायझेशन या शब्दाला लोक उगाच घाबरतात. करायचे एवढेच: प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारा, ‘ही माहिती कोणाबद्दल आहे?’ ती त्या टेबलाच्या संपूर्ण कीबद्दल असली पाहिजे. कीच्या अर्ध्या भागाबद्दल असेल, किंवा कीबद्दल नसून शेजारच्या रकान्याबद्दल असेल, तर ती दुसऱ्या टेबलात जाते.

जमीनधारणा टेबलात गटाचे एकूण क्षेत्र लिहिले, असे समजा. हे क्षेत्र जमिनीबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. म्हणजे अर्ध्या कीबद्दल. चार वारसांच्या चार ओळींत १६२ आर चारदा येईल आणि बेरीज केली की ६४८ आर जमीन दिसेल. क्षेत्र जमीन टेबलात हलवा. हा दुसरा नॉर्मल फॉर्म.

तिसऱ्याचे उदाहरण विदर्भातल्या प्रत्येक केंद्राने अनुभवण्यासारखे आहे. कास्तकाराच्या ओळीतच खाते क्रमांक, बँकेचे नाव, शाखेचे नाव, आयएफएससी लिहिलेले असते. बँकेचे नाव कास्तकाराबद्दल आहे का? नाही, ते शाखेबद्दल आहे. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली. ज्यांच्या शीटमध्ये बँकेचे नाव माणसागणिक होते, त्यांना प्रत्येक ओळ शोधून बदलावी लागणार, आणि ‘वि.को. ग्रामीण’, ‘विदर्भ कोकण’, ‘ग्रामीण बँक’ अशी तीन लिखाणे असतील तर काही सुटणारच. शाखा हे वेगळे टेबल असेल तर शाखेमागे एकच ओळ बदलते. खाते टेबलात फक्त खाते क्रमांक, कास्तकार_क्र, शाखा_क्र. आयएफएससीला शाखेची प्रायमरी की करू नका. काही ग्रामीण बँकांत सगळ्या शाखांना एकच आयएफएससी असतो.

सगळे एकाच शीटमध्ये ठेवण्याचे आणखी दोन तोटे. माल अजून न आणलेल्या सभासदाला शीटमध्ये जागाच नसते. आणि एखाद्याची एकुलती एक पावती चुकून पुसली की त्या माणसाचा पत्ता, खाते, सगळेच पुसले जाते.

दराकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे शिकलेली माणसेही फसतात. सोयाबीनचा हमीभाव २०२३-२४ ला क्विंटलमागे ४६०० रुपये होता, २०२४-२५ ला ४८९२, २०२५-२६ ला ५३२८. दर पीक टेबलात ठेवला आणि नव्या हंगामात बदलला, तर जुन्या सगळ्या पावत्या नव्या दराने मोजल्या जातील. दर नुसत्या पिकाबद्दल नसतो, पीक आणि हंगाम या जोडीबद्दल असतो. कापूस घेत असाल तर तेवढेही पुरत नाही: २०२४-२५ ला मध्यम धाग्याचा हमीभाव ७१२१ आणि लांब धाग्याचा ७५२१ होता, म्हणजे पीक, प्रत आणि हंगाम अशी तीन रकान्यांची की लागते.

हे झाले जाहीर दराचे. प्रत्यक्ष ज्या दराने सौदा झाला तो काटा टेबलात, त्या वजनासमोरच लिहायचा. ती पुनरुक्ती नाही. जाहीर दर ही एक गोष्ट, त्या दिवशी त्या मालाला दिलेला दर ही दुसरी. ओलावा, मातेरे पाहून तो वेगळा ठरलेला असतो. ‘दोनदा लिहू नका’ हा नियम आंधळेपणाने लावून सौद्याचा दर काढून टाकला, तर हिशेबाचा पुरावाच जातो. रक्कम मात्र साठवू नका. वजन आणि दरावरून ती दर वेळी काढता येते.

६. नियम यंत्रावर सोपवा

इथून पुढे लॅपटॉप उघडा. ‘असे करायचे नाही’ हे माणसांना सांगून भागत नाही. हंगामात रात्री दहा वाजता नोंद करणाऱ्याचे लक्ष चुकणारच. टेबल बनवतानाच अटी घाला. (एसक्यूएलचे शब्द इथे देवनागरीत दिले आहेत, यंत्रावर रोमन अक्षरांत टाइप करायचे. टेबलांची आणि रकान्यांची नावेही रोमन ठेवली तर पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना त्रास होत नाही. आतली माहिती बिनधास्त मराठीत असू द्या.)

- ‘नॉट नल’ (नल म्हणजे रिकामा खण): कास्तकार_क्र, तारीख, वजन, दर हे रिकामे राहूच शकत नाहीत.
- ‘चेक’: वजन शून्यापेक्षा जास्त, ओलावा ० ते १०० मध्ये, स्थिती ‘पक्की’ किंवा ‘रद्द’ यापैकीच. रकाना रिकामा असला तर चेक अडवत नाही, म्हणून जिथे लागेल तिथे नॉट नल वेगळे घालावेच लागते.
- ‘युनिक’: पायरी २ मधल्या जोड्या.
- ‘रेफरन्सेस’: फॉरेन की.

एसक्यूलाइटमध्ये दोन खास खड्डे आहेत. पहिला: फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते आणि प्रत्येक जोडणीला ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज’ ही सेटिंग चालू करावी लागते. डीबी ब्राउझरमध्ये ‘एडिट प्रॅग्माज’ टॅबवर तिची खूण दिसते. ती आहे ना ते बघा आणि मुद्दाम अस्तित्वात नसलेल्या कास्तकाराची पावती टाकून पाहा. यंत्राने नकार दिला तरच ती चालू आहे. दुसरा: संख्येच्या रकान्यात अक्षरे टाकली तरी एसक्यूलाइट निमूट घेतो. टेबल बनवताना शेवटी ‘स्ट्रिक्ट’ लिहिले की हे थांबते. ही सोय ३.३७ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आहे.

‘ऑन डिलीट कॅस्केड’ची खूण करू नका. एक कास्तकार पुसला की त्याच्या सगळ्या पावत्या आणि वजने न विचारता पुसली जातात. पावती पुसायचीच नाही, स्थिती ‘रद्द’ करायची.

७. रिकामा खण आणि शून्य एक नव्हे

ओलावा मोजायचे यंत्र त्या दिवशी बंद होते. खणात ० लिहू नका, नल ठेवा. ११, १३ आणि न मोजलेला, यांची सरासरी नल ठेवल्यास १२ येते. शून्य लिहिल्यास ८ येते, आणि माल होता त्यापेक्षा वाळलेला दिसतो. शिवाय लक्षात ठेवा की ‘ओलावा १२ पेक्षा जास्त’ आणि ‘ओलावा १२ किंवा कमी’ या दोन्ही याद्यांत नलची ओळ येत नाही. ती ‘इज नल’ असेच विचारून काढावी लागते.

८. जुनी शीट आत आणा, पण थेट नाही

जुनी माहिती आधी एका कच्च्या टेबलात आणा, ज्यात सगळे रकाने टेक्स्ट असतील. तिथे साफसफाई करा, मग पक्क्या टेबलांत भरा. भरण्याचा क्रम बोट दाखवणाऱ्यांच्या उलट असतो: गाव, पीक, शाखा, मग कास्तकार, जमीन, मग जमीनधारणा, खाते, दर, मग पावती, काटा, चुकारा. क्रम चुकला की फॉरेन की अडवते, आणि ते चांगलेच आहे.

एक्सेलमधून येताना तीन गोष्टी हमखास बिघडलेल्या असतात.

गट क्रमांक. एक्सेलमध्ये १२/३ टाइप केले की त्याची १२ मार्च होते. ४५/२ मात्र तसाच राहतो, कारण ४५ तारीख नसते. म्हणून अर्धाच रकाना बिघडतो आणि चटकन लक्षात येत नाही. असे गट सातबारा समोर ठेवून पुन्हा भरा; अंदाजाने उलटे फिरवू नका.

जुने फॉन्ट. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावे आत आल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) यूटीएफ-८ मध्येच साठवा.

तिसरी गोष्ट खास मराठीची. वऱ्हाडे या आडनावातला ऱ्हा दोन पद्धतींनी टाइप होतो: एका कीबोर्डवर खास ‘ऱ’ अक्षराने, दुसऱ्यावर साध्या ‘र’ला न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. वऱ्हाडे शोधले की निम्मे वऱ्हाडे सापडतच नाहीत. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरा, इनस्क्रिप्ट उत्तम, आणि जुन्या माहितीत एक रूप शोधून दुसऱ्यात बदलून घ्या. नावाच्या आधी-नंतर मानासाठी लावलेले ‘जी’, ‘श्री’, ‘पाटील’ आणि शब्दांच्या पुढे-मागे राहिलेल्या मोकळ्या जागाही काढा.

एकाच माणसाच्या दोन ओळी निघाल्या तर लगेच एक पुसू नका. दोन्हींच्या पावत्या आधी एका क्रमांकाकडे वळवा, मग दुसरी ओळ पुसा. आणि ‘हे दोघे एकच’ हा निर्णय कॉम्प्युटरसमोर बसून घेऊ नका, गावातल्या माणसाला विचारा.

९. प्रश्न विचारा: जॉइन आणि त्यातला मोठा घोटाळा

विचारण्याचा साचा असा: सिलेक्ट (कोणते रकाने), फ्रॉम (कोणत्या टेबलातून), जॉइन… ऑन (कोणते टेबल कोणत्या कीवर जोडून), व्हेअर (कोणत्या अटीने), ग्रुप बाय (कशाप्रमाणे गोळा करून), ऑर्डर बाय (कोणत्या क्रमाने). टेबलातल्या ओळींना स्वतःचा क्रम नसतो. ‘शेवटची पावती’ हवी असेल तर ऑर्डर बाय लिहायलाच हवे, मग पडद्यावर सध्या काहीही दिसो.

साधा जॉइन फक्त जुळणाऱ्या ओळी देतो. कास्तकार आणि पावती जोडले की ज्याने यंदा माल आणलाच नाही तो यादीतून गायब होतो. सगळे सभासद हवे असतील तर लेफ्ट जॉइन.

आता तो घोटाळा. एका कास्तकाराने तीनदा माल आणला: १०, ८ आणि १२ क्विंटल, एकूण ३०. त्याला दोनदा चुकारा दिला: ४०,००० आणि ३०,०००, एकूण ७०,०००. ‘एकाच यादीत माल आणि चुकारा दोन्ही दाखवा’ म्हणून पावती, काटा आणि चुकारा ही तिन्ही टेबले एकदम जोडली. प्रत्येक वजन प्रत्येक चुकाऱ्याशी जुळते, तीन गुणिले दोन, सहा ओळी होतात. माल दिसतो ६० क्विंटल आणि चुकारा २,१०,००० रुपये. यंत्र कोणतीही चूक दाखवत नाही, कारण तुम्ही विचारलेल्याचेच उत्तर त्याने दिले आहे. आणि सभेत ही यादी वाचली गेली तर केंद्रावरचा विश्वास जातो.

उपाय: आधी कास्तकारवार मालाची बेरीज करून एक व्ह्यू (नाव देऊन ठेवलेला प्रश्न, जो टेबलासारखा वापरता येतो) बनवा. चुकाऱ्याच्या बेरजेचा दुसरा व्ह्यू बनवा. दोन्हींत आता एका कास्तकाराची एकच ओळ आहे. मग कास्तकार टेबलाला दोन्ही लेफ्ट जॉइनने जोडा. कोणतीही बेरीज जाहीर करण्याआधी एका ओळखीच्या कास्तकाराच्या पावत्या हातात घेऊन ताळा करा.

‘रद्द’ पावत्या व्हेअरमध्ये वगळायला विसरू नका. ही अट व्ह्यूमध्येच घातली की प्रत्येक वेळी आठवावी लागत नाही.

१०. लाइट गेली तर, आणि रोजचा बॅकअप

पावती आणि तिची वजने एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका: ‘बिगिन’, सगळ्या नोंदी, ‘कमिट’. मध्येच लाइट गेली आणि बॅटरीही संपली तर अर्धवट पावती राहत नाही. एक तर सगळे आत, नाही तर काहीच नाही. डीबी ब्राउझरमध्ये ‘राइट चेंजेस’ दाबेपर्यंत बदल पक्के होत नाहीत. प्रत्येक पावतीनंतर ते दाबा, दिवसाअखेरीची वाट बघू नका.

एसक्यूलाइटची फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोन लॅपटॉपवरून एकदम उघडू नका. तिथे फाइल-कुलूप भरवशाचे नसते आणि फाइल खराब होऊ शकते. दोघांना एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा सर्व्हर घ्या. वर केलेली मांडणी तिथे तशीच लागू पडते.

बॅकअप घेताना प्रोग्राम आधी बंद करा, मग फाइल कॉपी करा. उघड्या फाइलची कॉपी अर्धवट निघू शकते, विशेषतः शेजारी ‘डब्ल्यूएएल’ शेपटीची फाइल दिसत असेल तर. एक पेन ड्राइव्ह केंद्रावर, दुसरा कोणाच्या तरी घरी, आणि फाइलच्या नावात तारीख. आठवड्यातून एकदा बॅकअपची प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर उघडा, ‘प्रॅग्मा इंटिग्रिटी_चेक’ (फाइल खराब नाही ना, हे तपासणारी आज्ञा) चालवा, ‘ओके’ आले का ते बघा, आणि त्यातली शेवटची पावती पावतीपुस्तकाशी जुळवा.